हृदयरोग्यांसाठी धाव : जमलेला पैसा नेमका कशावर खर्च व्हावा?



यंदा संक्रांतीच्या तिळगुळाला आपण जमलो होतो, तेव्हा मंडळातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी एक विषय काढला. दरवर्षी जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईत मोठी मॅरेथॉन होते. हजारो माणसे धावतात आणि त्यांतले कितीतरी जण एखाद्या सामाजिक कामासाठी पैसा उभा करतात. मुलांचे म्हणणे असे, की आपणही बैहरमध्ये पाच किलोमीटरची धाव ठेवू, नोंदणी आणि देणगी मिळून जे जमेल ते हृदयरोग्यांसाठी काम करणाऱ्या एखाद्या मोठ्या संस्थेला पाठवू.

यावर वडीलधाऱ्यांत दोन मते पडली. एका काकांना कल्पना फार आवडली. दुसरे म्हणाले, "आता आयुष्मान कार्ड आहे, पाच लाखांपर्यंत उपचार फुकट होतात. मग पैसा गोळा करायचा कशाला?" प्रश्न रास्त होता आणि त्या दिवशी कोणाजवळच त्याचे नीट उत्तर नव्हते. त्यामुळे घरी आल्यावर थोडा विचार केला, थोडी माहिती जमवली. ती सर्व सभासदांपुढे ठेवावी म्हणून हा लेख. माझे मत आधीच सांगून टाकतो : धाव जरूर ठेवावी, पण पैसा शस्त्रक्रियेसाठी नव्हे, तर शस्त्रक्रियेपर्यंत पोचण्यासाठी द्यावा. असे का, ते पुढे सांगतो.

बारामतीच्या लताबाई

मराठी मुलखात धावणे, पैसा आणि हृदयाचे दुखणे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे लता भगवान करे. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या या बाई पोट भरण्यासाठी कुटुंबासह बारामतीकडे आल्या आणि शेतमजुरी करू लागल्या. साधारण दशकभरापूर्वीची गोष्ट. पतीला हृदयाचे दुखणे जडले. डॉक्टरांनी एमआरआय तपासणी सांगितली. त्यासाठी हजारो रुपये हवे होते आणि घरात ते नव्हते. त्याच सुमारास बारामतीत मॅरेथॉन होती. त्यात ज्येष्ठांसाठी तीन किलोमीटरची शर्यत होती आणि पहिले बक्षीस पाच हजार रुपयांचे होते. साठी ओलांडलेल्या लताबाई नऊवारी लुगड्यात, अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. पुढेही त्या या शर्यतीत धावल्या आणि जिंकल्या.

त्यांच्या जीवनावर 'लता भगवान करे' हा मराठी चित्रपट निघाला. त्यात त्यांनी स्वतःच स्वतःची भूमिका केली आणि 67 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांच्या कामाचा विशेष उल्लेख झाला. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी मोबाइलवर त्यांचे फोटो पाहिले असतील. खाली 'जिद्दीला सलाम' असे लिहिलेले असते. सलाम करायलाच हवा. पण त्या फोटोत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही.

लताबाई शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी धावल्या नव्हत्या. त्या धावल्या तपासणीच्या खर्चासाठी. आजार नेमका काय आहे, शस्त्रक्रिया लागणार की नुसती औषधे पुरतील, हे कळण्याच्या आधीची ही पायरी. म्हणजे अडचण होती पाच हजारांची, पाच लाखांची नव्हे. दहा वर्षांत सरकारी योजना पुष्कळ वाढल्या, पण ही पाच हजारांची अडचण अजून तिथेच आहे. तिळगुळाच्या दिवशी काकांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे.

कार्डात काय बसते, काय बसत नाही

आयुष्मान भारत योजना 23 सप्टेंबर 2018 रोजी सुरू झाली. पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, वेगळे वय वंदना कार्ड मिळते. आपल्या मंडळातल्या ज्या आजीआजोबांनी ते अजून काढले नसेल, त्यांनी आधार कार्ड घेऊन लगेच काढावे. कार्डाचा मोठा फायदा असा, की ते देशभर चालते. मध्य प्रदेशात काढलेले कार्ड नागपूरच्या किंवा रायपूरच्या योजनेतल्या रुग्णालयातही चालते.

मात्र ही योजना मुळात भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. भरती होण्याच्या आधीचे तीन दिवस आणि सुटी झाल्यानंतरचे पंधरा दिवस एवढ्या काळातल्या तपासण्या आणि औषधे तिच्यात धरतात. बाह्यरुग्ण विभागात दाखवणे, महिनोन्‌महिने चालणाऱ्या गोळ्या, भरती न होता केलेल्या तपासण्या, गाडीभाडे, सोबत गेलेल्या नातेवाइकांचे राहणे-जेवणे आणि बुडालेली मजुरी हे काही तिच्यात येत नाही. हृदयरोग हा असा आजार आहे की त्यात एकदा मोठा खर्च येतो आणि नंतर जन्मभर लहान लहान खर्च चालू राहतो. कार्ड मोठा खर्च उचलते, लहान खर्च घरावरच राहतो.

इथे आपल्या सीमेवरच्या लोकांचा एक नेहमीचा घोटाळाही सांगून ठेवतो. आपली निम्मी सोयरीक गोंदिया, भंडारा, नागपूरकडची. तिकडचे व्याही सांगतात, "आमच्याकडे महात्मा फुले योजनेत सगळे होते." ते खरे आहे. पण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना महाराष्ट्रातल्या रहिवाशांसाठी आहे. आपले रेशनकार्ड मध्य प्रदेशचे, त्यामुळे नागपुरात जाऊन तिचा आग्रह धरून उपयोग नाही. आपण आयुष्मान कार्डच दाखवावे आणि निघण्याआधी ते रुग्णालय योजनेत आहे का, हे फोन करून विचारून घ्यावे. ऐन वेळी काउंटरवर ही गोष्ट कळली की माणूस हबकून जातो.

एक मधला वर्गही आहे. वय सत्तरच्या आत आणि कोणत्याच यादीत नाव नाही, अशी आपल्यातली बरीच कुटुंबे आहेत. छोटे दुकान, खासगी शाळेतली नोकरी, थोडी शेती. त्यांना कार्ड मिळत नाही आणि विम्याचा हप्ता जड जातो. स्टेंटच्या किमतीवर सरकारने फेब्रुवारी 2017 मध्ये मर्यादा घातली, औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत तेव्हा 29,600 रुपये ठरली आणि लाखाच्या वरचे स्टेंट एकदम आवाक्यात आले. तो मोठाच दिलासा होता. पण स्टेंट म्हणजे सगळे बिल नव्हे, हे ज्यांनी भरले आहे त्यांना ठाऊक आहे.

मोठे बाबांची पहाट

आमच्याच घरचा अनुभव सांगतो. दोन वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत माझ्या मोठे बाबांच्या छातीत पहाटे चार वाजता जड वाटू लागले, डावा हात दुखू लागला, अंगाला घाम सुटला. मोठी आईने ओवा दिला, मग गॅसची गोळी दिली. मोठे बाबा स्वतःच म्हणत होते, "रात्री भजी जास्त झाली, होईल बरे." उजाडेपर्यंत सगळे वाट पाहत बसले. मग शेजाऱ्यांची बोलेरो काढली. बैहर ते बालाघाट साधारण 65 ते 70 किलोमीटर, मध्ये जंगल आणि घाट. ईसीजी निघाला तोवर पाच तास गेले होते. तिथून गोंदिया, गोंदियाहून नागपूर. आयुष्मान कार्ड असल्यामुळे नागपुरात अँजिओप्लास्टी झाली आणि तिचा एक रुपया लागला नाही. मोठे बाबा आज आपल्यात आहेत.

तरीही घरी परतल्यावर दादाने हिशेब मांडला, तेव्हा गाड्यांचे भाडे, भरती होण्याआधी बाहेर केलेल्या तपासण्या, चौघांचे आठ दिवसांचे राहणे-जेवणे आणि नंतर तीन वेळा तपासायला जाणे मिळून जो आकडा निघाला, तो फेडायला दादाला पुढचे पीक हाती येईपर्यंत थांबावे लागले. त्याहून मनाला लागली ती डॉक्टरांची गोष्ट. ते म्हणाले, "हृदयाचा काही भाग कायमचा दुबळा झाला. दोन-तीन तास आधी आला असतात, तर तो वाचला असता." ते दोन-तीन तास आम्ही ओवा आणि गॅसच्या गोळीत घालवले होते. यात कोणाचा दोष काढत नाही, दोष असेल तर आमच्या न कळण्याचा.

आपल्या पुष्कळ घरांत ही कहाणी थोड्याफार फरकाने घडली आहे. 1956 पर्यंत आपला जिल्हा ज्या राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती. राज्याची हद्द बदलली, पण मोठे दुखणे आले की आपली गाडी अजून नागपूरच्याच वाटेला लागते. आणि निदान आपल्याजवळ नागपुरात उतरायला कोणाचे तरी घर आहे. आपल्याच तहसिलीतल्या जंगलपट्टीतल्या बैगा आणि गोंड कुटुंबांना तेवढाही आधार नसतो. बैहरमध्ये धाव ठेवायची, तर ती फक्त मंडळाच्या सभासदांपुरती ठेवून चालणार नाही. आपण तीन-तीन पिढ्या या गावाचे अन्न खाल्ले आहे.

धावून पैसा कसा उभा राहतो

आता मोठ्या शर्यतींत हे कसे चालते ते पाहू. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन 1983 पासूनची. मुंबईची 2004 मध्ये सुरू झाली आणि सामाजिक कामासाठी पैसा उभा करण्याची पद्धत आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर तिनेच रुजवली. 42.195 किलोमीटरची पूर्ण शर्यत आणि अर्धमॅरेथॉन यांच्याबरोबर तिथे सुमारे सहा किलोमीटरची 'ड्रीम रन' असते. तिच्यात आजीआजोबा आणि वेगवेगळ्या संस्थांचे फलक घेतलेली माणसे हसतखेळत चालतात.

यात एक गोष्ट समजून घ्यायला हवी. नोंदणीची फी म्हणजे देणगी नव्हे. ती शर्यतीच्या व्यवस्थेवर खर्च होते. देणगी वेगळी असते. धावणारा आपल्या ओळखीच्या लोकांना सांगतो, "मी इतके अंतर धावणार आहे, अमुक संस्थेला तुमच्याकडून काहीतरी द्या." तो पैसा थेट त्या संस्थेकडे जातो. मुंबईत हे काम युनायटेड वे मुंबई ही संस्था पाहते आणि अशा रीतीने दरवर्षी कोट्यवधी रुपये जमतात. धावणारा स्वतः श्रीमंत असावा लागत नाही. त्याच्यावर विश्वास असणारी वीस-पंचवीस माणसे असली की पुरे.

लंडनची मॅरेथॉन 1981 पासूनची आहे. तिथे अनेक जागा संस्थांसाठी राखीव असतात. त्या जागेवर धावणाऱ्याने साधारण दोन हजार पौंड जमवून द्यावेत अशी अपेक्षा असते. 2022 मध्ये लंडन मॅरेथॉनने वर्षाची संस्था म्हणून ब्रिटिश हार्ट फाउंडेशनची निवड केली होती. 1961 मध्ये स्थापन झालेली ही संस्था मुख्यतः हृदयरोगावरच्या संशोधनाला पैसा देते.

तिथला पैसा संशोधनाला जातो, कारण ब्रिटनमध्ये 1948 पासून सरकारी आरोग्यसेवा आहे. तिथल्या माणसाला ईसीजीसाठी खिशात हात घालावा लागत नाही. त्यामुळे धावणाऱ्यांचा पैसा पुढच्या पिढीच्या औषधांसाठी वापरता येतो. आपल्याकडे लताबाईंना धावून एमआरआयचे पैसे मिळवावे लागले. दोन्ही ठिकाणी माणसे हृदयासाठीच धावली, पण गरज निराळी होती. म्हणून तिकडची पद्धत जशीच्या तशी उचलून, पैसा गोळा करून एखाद्या मोठ्या संस्थेला धाडून देणे मला पुरेसे वाटत नाही. आपल्या इथे गाडी कुठे अडते ते पाहून पैसा तिथे लावायला हवा.

लहान मुलांसाठी मदत आहे, वाट दाखवणारा हवा

मुलांच्या हृदयाच्या बाबतीत आपल्याच राज्यात मोठे काम झाले आहे. इंदूरच्या पलक मुच्छल लहानपणापासून गाण्याचे कार्यक्रम करून मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांसाठी पैसा जमवत आल्या. आज ती संख्या तीन हजारांच्या पुढे गेली आहे. सुनील गावस्कर यांनी 2020 मध्ये आपल्या 71 व्या वाढदिवसाला 35 मुलांच्या शस्त्रक्रियांचा भार उचलला. भारतासाठी केलेली जितकी शतके, तितकी मुले.

आपल्या जिल्ह्याची पूर्वेकडची हद्द छत्तीसगडला लागून आहे. नवा रायपूरमध्ये श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय आहे. तिथे जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांवर पूर्णपणे मोफत शस्त्रक्रिया होतात. आपल्या राज्याची मुख्यमंत्री बाल हृदय उपचार योजनाही आहे. शिवाय 2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळेतल्या मुलांची तपासणी होते. तिच्यात जन्मजात हृदयदोष आणि संधिवाताच्या तापाने होणारा हृदयविकार हे दोन्ही येतात.

म्हणजे शस्त्रक्रिया आहे, पैसाही आहे. अडते ते त्याआधी. धावताना पोर निळसर पडते, चार पावले चालून बसते, वजन वाढत नाही, तरी घरचे म्हणतात "अंगच बारीक आहे." घसा दुखून ताप येतो, मग गुडघे-घोटे सुजतात, बरे झाल्यावर सगळे विसरतात आणि काही वर्षांनी कळते की हृदयाची झडप खराब झाली. हा आजार वेळीच ओळखला, तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घेऊन झडप आणखी बिघडण्यापासून वाचवता येते. इंजेक्शन महाग नाही. मजुरी बुडवून दर तीन आठवड्यांनी मुलाला घेऊन दवाखान्यात जाणे मात्र महाग पडते. ते एकदोनदा चुकले की सुटूनच जाते.

मग आपला पैसा कशावर?

माझ्या मते पहिल्या वर्षी आपण चारच गोष्टी ठरवाव्यात.

पहिली, वाटखर्च. हृदयाच्या तपासणीसाठी किंवा शस्त्रक्रियेसाठी बालाघाट, गोंदिया, नागपूर, रायपूर यांपैकी कुठेही जाणाऱ्या गरजू कुटुंबाला गाडीभाडे आणि तीन-चार दिवसांचा जेवणखर्च.

दुसरी, भरती होण्याआधीच्या तपासण्या. ईको, रक्ताच्या चाचण्या, डॉक्टरांनी सांगितलेली स्कॅन. डॉक्टरांची चिठ्ठी पाहून पैसे थेट तपासणी केंद्राला द्यावेत, हातात रोख देऊ नये.

तिसरी, सोबत. नागपुरात आणि रायपुरात आपले नातेवाईक, आपली शिकणारी मुले आहेत. कोणत्या खिडकीवर जायचे, कार्ड कुठे दाखवायचे, एवढे सांगणारा माणूस स्टेशनवर भेटला तर निम्मी धास्ती कमी होते. याला पैसा लागत नाही, फोन नंबरांची एक यादी लागते. ती यादी हीच कदाचित मंडळाची सर्वांत मोठी देणगी ठरेल.

चौथी, माहिती. छातीत दाब, हात-जबड्याकडे जाणारी कळ, घाम, दम लागणे ही लक्षणे दिसली तर ओवा चघळत बसायचे नाही, 108 ला फोन करायचा आणि ईसीजीची सोय असलेल्या जवळच्या दवाखान्यात जायचे. मधुमेह असलेल्यांत आणि बायकांत कधी छातीत न दुखता नुसता दम, मळमळ किंवा फार थकवा येतो, हेही घराघरांत सांगायला हवे. आमच्या मोठे बाबांच्या वेळी हे आम्हाला ठाऊक असते, तर चित्र वेगळे असते.

पैशाचा अंदाजही करून पाहू. समजा दीडशे जण धावले-चालले आणि प्रत्येकाने दहा ओळखीच्यांकडून शंभर-शंभर रुपये आणले, तर दीड लाख होतात. दीड लाखात एकाचीही मोठी शस्त्रक्रिया धड होणार नाही. पण लताबाईंच्या पाच हजारांच्या मापाने मोजले, तर तीस कुटुंबांची अडलेली गाडी पुढे सरकते. त्यानंतरचे लाखो रुपये सरकारी योजना किंवा मोफत रुग्णालय देणार आहेच. आपण फक्त दारापर्यंत पोचवायचे.

घेतले जाणारे आक्षेप

"हे सरकारचे काम आहे." बरोबर आहे. बैहरसारख्या तहसिलीच्या ठिकाणी ईसीजी काढून तो मोबाइलवरून मोठ्या रुग्णालयातल्या हृदयतज्ज्ञाला दाखवणे आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच देणे, ही पद्धत देशात काही राज्यांत चालू आहे. ती आपल्या प्रत्येक सिव्हिल हॉस्पिटलात पक्की रुजावी, अशी मागणी मंडळाने लेखी द्यावी. धावेच्या दिवशी त्या निवेदनावर सह्या घ्याव्यात. पण मागणी मान्य होईपर्यंत शेजारचा माणूस थांबू शकत नाही. दोन्ही कामे एकदम करता येतात.

"धावताना कोणाला काही झाले तर?" हा प्रश्न गंभीर आहे. जानेवारी 2024 मध्ये मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये दोन जणांचा मृत्यू झाला होता. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात 2000 ते 2010 या काळातले सुमारे 1 कोटी 9 लाख धावपटू पाहिले, त्यांत 59 जणांचे हृदय धावताना किंवा नंतर लगेच बंद पडले. म्हणजे धोका फार लहान आहे, पण शून्य नाही. जे वाचले, त्यांच्यात जवळच्या माणसाने लगेच छाती दाबायला सुरुवात केल्याचा मोठा वाटा होता. म्हणून आपण पूर्ण मॅरेथॉनचा विचारही करू नये. पाच किलोमीटर, धावा किंवा चाला, वेळेची नोंद नाही, बक्षिसांची चढाओढ नाही. चाळिशीपुढच्यांनी आणि रक्तदाब-मधुमेह असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. ताप असेल, रात्री झोप झाली नसेल, छातीत जरा जरी जड वाटत असेल, त्याने त्या दिवशी पाणी वाटायच्या टेबलावर बसावे. आपल्याकडे जानेवारीत कडाक्याची थंडी आणि धुके असते, म्हणून उजाडल्यावर, ऊन आल्यावर सुरुवात करावी. ॲम्ब्युलन्स उभी हवी. आणि आदल्या रविवारी वीस-तीस स्वयंसेवकांना सीपीआर शिकवावा : छातीच्या मध्यभागी, मिनिटाला 100 ते 120 वेळा, किमान पाच सेंटीमीटर खोल दाब. हे शिकलेले वीस हात वर्षभर गावात राहतील. धावेचा हा फायदा पैशाहून कमी नाही.

"हिशेबाचे काय?" यावर तर मी सर्वांत जास्त भर देईन. नोंदणीची फी आणि देणगी यांची वह्या-पावत्या वेगळ्या असाव्यात. टी-शर्ट, फलक, मांडव यांचा खर्च स्थानिक व्यापाऱ्यांनी उचलला तर उत्तम, पण देणगीतला एक पैसाही त्यावर जाऊ नये. सह्या तिघांच्या असाव्यात आणि त्यांतली एक व्यक्ती मंडळाच्या कार्यकारिणीबाहेरची असावी. दर तीन महिन्यांनी किती जमले, किती गेले, किती कुटुंबांना गेले हे जाहीर करावे. रुग्णांची नावे मात्र जाहीर करू नयेत. मदत घेतली म्हणून कोणाला गावात मान खाली घालायला लागता कामा नये, आणि धनादेश हातात देतानाचा फोटो तर अजिबात नको. देणगीवरची आयकराची सवलत मंडळाला तशी मान्यता असेल तरच देता येते, दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही आणि नव्या करपद्धतीत तर ती नाहीच. देणाऱ्यांना हे आधीच स्पष्ट सांगावे, नंतर गैरसमज नको.

शेवटी

दीड लाख जमोत की पन्नास हजार, आपण कोणाची तरी पहिली पाच हजारांची पायरी उचलणार आहोत. लताबाई जिंकल्या म्हणून आपल्याला त्यांची गोष्ट कळली. त्या शर्यतीत त्या दुसऱ्या किंवा चौथ्या आल्या असत्या, तर तपासणीचे पैसे कुठून आले असते, हा विचार मला राहून राहून येतो. ज्यांना साठीत अनवाणी धावता येत नाही, अशी घरे आपल्या आसपास पुष्कळ आहेत. त्यांच्या वतीने आपल्यातल्या पायांत बळ असलेल्यांनी धावावे, बाकीच्यांनी चालावे, ज्यांना तेही जमत नाही त्यांनी वाटेत पाणी द्यावे.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती. नागपूर, गोंदिया, रायपूर इथे राहणाऱ्या आपल्या माणसांनी आपले फोन नंबर मंडळाच्या सचिवांकडे आजपासूनच द्यायला हरकत नाही. त्यासाठी धावेची वाट पाहायची गरज नाही. आमचे मोठे बाबा म्हणतात, पाच किलोमीटर जमणार नाहीत, पण सुरुवातीला झेंडा दाखवायला ते येतील. मुलांनी तारीख तेवढी कळवावी.

आपला,
मंडळाचा एक सभासद, बैहर